‘पाच पावणे आणा, मशीन निम्म्यात’ म्हणणाऱ्याला काय विचारायचं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत असो की पेठेतल्या हळदीकुंकवात, पाणी शुद्ध करायच्या मशीनवाला म्हणतो, “आत्ता पूर्ण पैसे भरा, पाच गिऱ्हाईकं आणली की निम्मे परत.” तेव्हा:

१. “एकही गिऱ्हाईक आणलं नाही तर किंमत किती?” तोच खरा भाव. परवडत नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.

२. परताव्याची अट बिलावर लिहून सही-शिक्का मागा. बरेच जण इथंच गळतात.

३. दारात आलेल्याचं ओळखपत्र बघा. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार ते हवंच, शिवाय आधी विचारूनच यायचं असतं. नुसत्या माणसं जोडण्यावर कमाईची साखळी तर याच नियमांनी बंद आहे.

पैसे अडकले तर बिल, मेसेज जपून ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

शेजाऱ्यांचे नंबर मात्र त्यांना न विचारता देऊ नका.