लोडरला क्विक अटॅच लावताय? या चुका टाळा

आमच्या साकीनाक्याच्या गाळ्यात छोट्या ट्रॅक्टरवाला येतो तो बहुतेक वेळा बाहेरून बनवून आणलेली क्विक अटॅचची प्लेट घेऊनच, म्हणजे लोडरच्या भुजा आणि बकेट यांच्यामध्ये बसणारी, अवजार पटकन बदलू देणारी प्लेट. लोडरला ती बसत नाही, किंवा बसते पण बकेट धड ओतत नाही.

गडबड मापात असते. पिनची जाडी आणि दोन भुजांमधली रुंदी सगळे मोजतात. राहून जातं ते भुजेची पिन आणि बकेट फिरवणाऱ्या टिल्ट सिलिंडरची पिन यांच्यातलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. हे वाढलं की सिलिंडर पूर्ण बाहेर येऊनही बकेट कमी फिरते, माल आतच चिकटून राहतो. कमी झालं तर बकेट जास्त फिरून भुजेवर आपटते, शिवाय जोरही घटतो. जुन्या बकेटच्या कानांवरून, म्हणजे पिना बसतात त्या भोकांच्या पट्ट्यांवरून, माप घेणार असाल तर भोकं आधी बघा. झिजून दोन सूत वाढलेल्या भोकाचा मध्य कुठे धरणार?

नमुनाही आधी ठरवा. स्किड स्टीअर या छोट्या लोडर यंत्राची प्लेट आयएसओ 24410 या मानकाची असते, त्यामुळे तिची अवजारं सहज मिळतात. जॉन डिअरच्या लोडरवर बऱ्याचदा त्यांची स्वतःची हुकवाली पद्धत असते. प्लेट एकीची आणि फोर्क दुसरीचा, असं जुगाड वेल्डिंगने जुळवत बसू नका.

कान जोडताना दोन्ही भुजा आणि पिना जागेवर ठेवूनच कच्चे टाके मारा. मग पिना हाताने काढून बघा. हातोडी लागली तर काम तिरकं आहे, टाके तोडा. पक्कं वेल्डिंग एकदम ओढू नका. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, नाहीतर उष्णतेने प्लेट पिळते आणि एका बाजूचं लॉक कायम अडतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अर्थिंगचा चिमटा प्लेटवरच लावा. चेसिसला लावला तर करंट पिना-बुशांतून जातो आणि त्यांना खड्डे पडतात.

वजनाचं गणित सोपं आहे. प्लेटचं वजन उचलण्याच्या क्षमतेतून वजा होतं. वर बकेट पुढे सरकते: पिनपासून धारेपर्यंत 28 इंच होते ते 32 झाले, तर उपसायचा जोर आठवा हिस्सा गेला. ट्रॅक्टरच्या मागे वजन लावाच.

आता माझी चूक. आरेतल्या एका तबेल्यात प्लेटच्या लॉकचं हँडल खाली, म्हणजे बंद दिसलं आणि मी "चलो" म्हणालो. उजव्या खाचेत शेण सुकून दगड झालं होतं, लॉकची पिन आरपार गेलीच नव्हती. भरलेली बकेट एका बाजूने सुटली आणि गटाराच्या कडेवर पडली. जवळ कुणी नव्हतं, एवढंच नशीब. "अहो काका, हँडल तर खाली होतं ना?" ड्रायव्हर विचारत होता. होतं की! तेव्हापासून मी उतरून लॉकच्या दोन्ही पिनांची टोकं प्लेटखाली बाहेर आलेली डोळ्यांनी बघतो, मग बकेटची धार जमिनीवर टेकवून हलकेच दाबतो. प्लेट सुटणार असेल तर तिथेच सुटते.

वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावर काम असेल तर खाऱ्या हवेने लॉकच्या स्प्रिंगा लवकर गंजतात. काम संपलं की गोड्या पाण्याने धुवा, ग्रीस भरा. तरीही हँडल जड जात असेल तर त्याला पाइप घालून ओढू नका. आधी खाच साफ करा, मग प्लेटवर पट्टी धरून ती वाकली आहे का ते बघा.