कान शार्प, डोळे धूसर? क्लोज-अप सेल्फ-पोर्ट्रेट काढताना या चुका टाळा

कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळेच फोटो शार्प दिसतात. लॅपटॉपवर उघडले की कळतं, पापण्या धूसर आणि कानातल्या कुड्या मात्र लख्ख. माझ्या पहिल्या तीस-चाळीस सेल्फ-पोर्ट्रेटची हीच गत होती आणि मी महिनाभर लेन्सला नावं ठेवत होते. लेन्स बिचारी ठणठणीत होती. फोकस लावणारी मी कॅमेऱ्यामागे आणि ज्याच्यावर लावायचा तो चेहराही माझ्यासोबत कॅमेऱ्यामागेच, ही खरी अडचण.

आधी बिघडलेला फोटो शंभर टक्के झूम करून बघा. चेहरा धूसर पण मागच्या पडद्याची वीण मोजता येतेय, तर फोकस मागे गेलाय. नाकाचा शेंडा किंवा कान स्पष्ट असेल तर तुम्ही बोटभर मागेपुढे सरकलात. कुठेच काही स्पष्ट नाही आणि बुबुळातला प्रकाशाचा ठिपका रेघेसारखा ओढला गेलाय, म्हणजे फोटो हललाय. आणि सगळ्यावर दुधाची साय धरल्यासारखं दिसत असेल तर लेन्स पुसा, बाकी काही करू नका.

रिकाम्या खुर्चीवर लावलेला फोकस

बऱ्याच डीएसएलआरमध्ये टायमर लावून बटण दाबलं की फोकस त्याच क्षणी ठरतो, १० सेकंदांनी तुम्ही जाऊन बसल्यावर नाही. त्या क्षणी खुर्ची रिकामी असते, मग कॅमेरा भिंत पकडतो. डोळे ओळखणारा ऑटोफोकस आणि रिमोट असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

नसेल तर आपल्या जागी कुणीतरी बसवावं लागतं. मी खुर्चीच्या पाठीला लांब दांड्याचा झाडू बांधते आणि माझ्या डोळ्यांच्या उंचीवर चिमट्याने वर्तमानपत्राचा तुकडा लावते. मथळ्याच्या ठळक अक्षरांवर ऑटोफोकस पटकन बसतो. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवरचं थेट दृश्य, १० पट मोठं करून अक्षरांच्या कडा तपासायच्या आणि लगेच लेन्सचं बटण मॅन्युअलवर सरकवून ऑटोफोकस बंद करायचा. हे शेवटचं विसरलात तर मुसळ केरात, कारण शटर दाबताच कॅमेरा नव्याने फोकस शोधायला निघतो.

झाडू काढून आपण बसलो, पण नेमकं तिथेच बसलो का? यावर स्वस्तातला उपाय म्हणजे दोरा. एक टोक ट्रायपॉडला बांधा, दोरा कागदापर्यंत ताणा आणि तिथे गाठ मारा. बसल्यावर दोरा पुन्हा ताणून गाठ डोळ्याच्या अगदी जवळ, गालाच्या हाडावर आणा, मान तशीच ठेवा आणि दोरा सोडा. सोडायचं लक्षात ठेवा. माझ्या एका बऱ्यापैकी फोटोत तो हनुवटीवरून लोंबतोय.

एफ/१.८ चा हट्ट

एफचा आकडा म्हणजे अपर्चर, लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं. आता धरा क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), ५० मिमी लेन्स, एफ/१.८ आणि चेहरा ६० सेंटीमीटरवर. हिशेब केला तर शार्प पट्टा, म्हणजे पुढून मागे जेवढ्या अंतरातलं स्पष्ट येतं तो भाग, जेमतेम १ सेंटीमीटरचा निघतो. डोळ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचं अंतरच याहून जास्त असतं. नुसतं हसलात, श्वास सोडलात, तरी डोळे पट्ट्याबाहेर. एफ/८ ला हाच पट्टा साधारण साडेचार सेंटीमीटर होतो. इतक्या जवळून मागची भिंत एफ/५.६ लाही छान विरघळते, त्यामुळे माझ्या मते एफ/१.८ ने इथे फक्त मनस्ताप मिळतो. मात्र एफ/१६, एफ/२२ पर्यंत जाऊ नका. अपर्चर फार बारीक झालं की डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, अख्खा फोटोच मऊ पडतो. चेहरा तिरका असेल तर कॅमेऱ्याजवळचा डोळा शार्प हवा.

अपर्चर मिटवलं की प्रकाश कमी पडतो आणि शटरचा वेग गुपचूप १/३० सेकंदावर येऊन बसतो. मग ट्रायपॉड असूनही फोटो हलतो, कारण हलतोय तो कॅमेरा नाही, आपण हलतोय. लेन्समधलं स्टॅबिलायझेशनही (कॅमेऱ्याची थरथर सावरणारी सोय) इथे कामाचं नाही. खिडकीजवळ बसा, शटर १/२०० च्या आसपास ठेवा आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता; वाढली की फोटोत दाणे दिसतात) १६०० झाला तरी होऊ द्या. दाणे नंतर कमी करता येतात, हललेले डोळे नाही.

लेन्सची किमान फोकस मर्यादाही बघून घ्या. कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ एसटीएमला ती ३५ सेंटीमीटर आहे, तीही सेन्सरपासून मोजलेली. त्याहून जवळ गेलात तर फोकस बसणारच नाही. थोडं मागे बसा आणि नंतर क्रॉप करा.

फोन आणि आरसा

अनेक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्याला ऑटोफोकसच नसतो. तो हातभर अंतरासाठी ठरवून दिलेला असतो, फोन नाकाशी नेला की गडबडतो. आयफोनमध्येही पुढच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस २०२२ च्या १४ मालिकेपासून आला. मागचा कॅमेरा वापरा, स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस लॉक करा.

आरशातून काढताना वेगळीच गंमत होते. आरसा ५० सेंटीमीटरवर आणि चेहरा कॅमेऱ्याला लागून असेल तर फोकस आरशावर नाही, त्याच्या दुप्पट, म्हणजे मीटरभर अंतरावर लागायला हवा. ऑटोफोकसला मात्र काचेवर जे काही चिकटलेलं असेल ते आधी दिसतं. आमच्या बेसिनवरच्या आरशावर आईने लावून ठेवलेल्या तीन टिकल्या आहेत. माझ्या एका फोटोत त्या तिन्ही इतक्या कोरीव आल्यात, की कडेला सुटलेला गोंदही दिसतो. मागे कोण उभं आहे, ते ओळखता येत नाही.