प्रीएक्लॅम्पसियात प्रसूती लांबवताना, आणि बाळंतपणानंतरचा सव्वा महिना

विसाव्या आठवड्यानंतर गर्भवतीचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक राहू लागला आणि त्याबरोबर लघवीत प्रथिने आढळली, अथवा यकृत, मूत्रपिंड किंवा प्लेटलेटवर (रक्त गोठवणाऱ्या पेशींवर) परिणाम दिसला, की प्रीएक्लॅम्पसियाचे निदान केले जाते. गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात राहतो; परंतु आजाराचे मूळ वारेत (प्लासेंटात) असल्याने प्रसूती झाल्याखेरीज तो उतरणीला लागत नाही. म्हणून डॉक्टर ‘आणखी थोडे थांबू’ असे सांगतात, तेव्हा त्या थांबण्याचा लाभ मुख्यतः बाळाला असतो आणि धोका बराचसा आईच्या अंगावर असतो, हे घरच्यांनी आधी लक्षात घ्यावे.

किती थांबायचे हे आठवड्यांवरून ठरत असल्यामुळे पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा अहवाल माता-बाल कार्डासोबतच ठेवावा. ३४ आठवड्यांपूर्वी प्रकृती स्थिर असेल तर थांबणेच बहुधा योग्य ठरते आणि प्रसूती लवकर करावी लागेल असे दिसल्यास बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शने दिली जातात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर मात्र थांबून काहीच मिळत नाही. कठीण निर्णय मधल्या तीन आठवड्यांचा असतो. इंग्लंड आणि वेल्समधील फिनिक्स या वैद्यकीय संशोधन-चाचणीत (२०१९) या काळात प्रसूती नियोजनपूर्वक लवकर केलेल्या मातांमध्ये गुंतागुंत कमी झाली, मात्र त्यांची अधिक बाळे नवजात कक्षात दाखल करावी लागली. भारत आणि झांबियात झालेल्या क्रेडल-४ चाचणीत (२०२३) लवकर प्रसूती केलेल्या गटात मातांच्या एकूण गुंतागुंतीत लक्षणीय फरक पडला नाही. तरी तीव्र रक्तदाब आणि मृतजन्म कमी आढळले आणि बाळांची एकूण गुंतागुंतही वाढली नाही. त्यामुळे ‘बाळ आणखी भरेल’ एवढ्याच कारणासाठी आग्रहाने दिवस ढकलू नयेत.

थांबायचे ठरलेच, तर कोठे थांबायचे हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यानंतर माहेरी जाण्याची रीत आहे. ते माहेर सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यावर असेल, तर रात्री या आजारातले झटके (आकडी) आल्यावर घाटरस्त्याने नाशिक गाठणे धोक्याचे ठरते. अशा वेळी माहेरच्या माणसांनी नाशिकला येऊन राहावे, हे अधिक शहाणपणाचे. ज्या रुग्णालयात रक्त, भूलतज्ज्ञ आणि नवजात अतिदक्षता कक्ष आहे, तेथेच प्रसूतीची नोंदणी करावी. रक्तदाब रोज तपासावा. प्लेटलेट, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या डॉक्टर सांगतील त्या अंतराने न चुकता कराव्यात आणि बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवावे. सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, धाप लागणे, लघवी कमी होणे, रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणे, किंवा रक्तदाब १६०/११० होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करावा.

प्रसूती झाली म्हणजे सुटलो, ही समजूत सर्वांत घातक आहे. बाळंतिणीचा रक्तदाब बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढतो, म्हणजे नेमका घरी सोडण्याच्या सुमारास, आणि झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात. त्यातच आपल्याकडे सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही आणि डोके दुखले तर ‘वारा लागला असेल’ म्हणून कान बांधून घेतले जातात. रीत पाळायची असेल तर जरूर पाळावी, पण तपासणी घरी आणावी. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला पाहायला येतात. पहिल्या दोन भेटींच्या वेळी आरोग्य सेविकेकडून आईचाही रक्तदाब मोजून घ्यावा. शक्य असेल तर दंडावर बांधायचे डिजिटल यंत्र घरी असावे आणि आकडे वहीत लिहावेत. गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत. लॅबेटालॉल, निफेडिपिन यांसारख्या औषधांवर असतानाही अंगावर पाजता येते. डिंकाचे लाडू खायला हरकत नाही. वेदनाशामक गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

सहा आठवड्यांनी रक्तदाब आणि लघवी पुन्हा तपासावी. फिनिक्समधील मातांची सहा महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा बहुतेकींचा रक्तदाब वाढलेलाच होता, आणि प्रसूती लवकर केली की थांबून, याने त्यात फरक पडला नव्हता. पुढील आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका अशा स्त्रियांना सुमारे दुप्पट असतो. म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावे आणि कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर, कारण साधे असले तरी, बाळंतपणातील हा आजार सांगावा. पुढच्या वेळी दिवस राहिल्यास बाराव्या आठवड्याच्या सुमारास ॲस्पिरिनची लहान मात्रा सुरू करायची असते, तेव्हा नावनोंदणी त्याआधीच करावी आणि जाताना रुग्णालयातून मिळालेला डिस्चार्ज कागद सोबत न्यावा.