शेवटच्या सेकंदाची बोली: ऑनलाइन लिलावात कुठे, कशी आणि कधी लावावी

कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत झाला. त्या काळच्या हिंदुस्थानी संगीताच्या लाखेच्या, म्हणजे जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या गोळा करणारी मंडळी आजही बेळगाव-शहापूर-खानापूर पट्ट्यात आहेत, आणि त्यांचा अर्धा बाजार आता मोबाइलवर भरतो. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या अमेरिकी कंपनीचं भारतातलं संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं, तेव्हापासून खरेदी थेट अमेरिका किंवा इंग्लंडच्या संकेतस्थळावरून. तिथं एखादी हवी असलेली तबकडी दिसते, चार-पाच दिवस तिची किंमत जागची हलत नाही, आणि शेवटच्या पाच-सहा सेकंदांत कुणीतरी ती उचलून मोकळा होतो. ती बोली बऱ्याचदा आधीच सांगून ठेवलेल्या प्रोग्रामनं लावलेली असते. या प्रकाराला स्नायपिंग म्हणतात. ही लबाडी की हुशारी, यावर ईबे सुरू झाल्यापासून वाद आहे. त्या वादाकडे येतोच, पण आधी कामाचं.

पहिलं काम: लिलाव संपतो कसा ते बघा

बहुतेक लोक वस्तूचे फोटो बघतात, किंमत बघतात आणि हे बघायचंच विसरतात. सगळी गंमत मात्र इथंच आहे.

ईबेवर वेळ ठरलेली असते. घड्याळ शून्यावर आलं की खेळ खलास. त्या क्षणी ज्याची बोली वर, त्याची वस्तू. शेवटच्या सेकंदाच्या बोलीला अर्थ आहे तो फक्त अशा ठिकाणी.

दुसरा प्रकार वेळ वाढण्याचा. गणपतीच्या मंडपात नारळाचा लिलाव चालतो तेव्हा 'एक वार, दोन वार' झाल्यावरही मागून कुणी आकडा ओरडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, तसंच हे. बँकांच्या जप्त मालमत्तेच्या ई-लिलावात बहुधा हाच नियम असतो: शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटं वाढते, आणि असं कितीही वेळा होऊ शकतं. तिथं दोन सेकंद उरले असताना टाकलेली बोली आणि चार मिनिटं उरली असताना टाकलेली बोली यांत काडीचा फरक नाही. प्रोग्राम वापरणं तर फुकटचा खटाटोप.

तिसरा प्रकार कर्नाटकातल्या एपीएमसीत, म्हणजे शेतमालाच्या बाजार समितीत माल घालणाऱ्यांना माहीत आहे. ऑनलाइन टेंडरमध्ये व्यापारी एकेका लॉटला आपला दर टाकतो, दुसऱ्याचा दर त्याला दिसत नाही, वेळ संपली की सगळ्यात वरचा दर लागतो. जे दिसतच नाही त्यावर शेवटच्या क्षणी कुरघोडी कसली करणार?

दुसरं काम: आकडा ठरवा, आणि कागदावर लिहा

लिलाव संपायच्या आदल्या रात्री, डोकं थंड असताना. ही वस्तू मला जास्तीत जास्त कितीला परवडेल? त्यात टपालखर्च, कस्टमची ड्यूटी आणि कार्डावरचा परकीय चलनाचा आकार धरून. लाखेची तबकडी काचेसारखी तडकते, त्यामुळे ती दोन जाड पुठ्ठ्यांत दाबून, मोठ्या खोक्यात घालून पाठवणार का, हे विक्रेत्याला आधीच विचारा आणि त्या पॅकिंगचे पैसेही धरा. पन्नास डॉलरची तबकडी दारात येईपर्यंत दुप्पट पडली तर नवल नाही. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का, हेही तेव्हाच बघून ठेवायचं.

तिसरं काम: ईबेचं यंत्र तुमच्या आकड्याचं काय करतं ते समजून घ्या

तुम्ही ५५ डॉलर भरले म्हणजे ५५ द्यावेच लागतात असं नाही. तुमचा कमाल आकडा ईबे गुपित ठेवतं आणि समोरच्यापेक्षा एक पायरी वर राहण्यापुरतीच बोली वाढवतं. ही पायरी किमतीप्रमाणे बदलते: ५ ते २५ डॉलरच्या आत अर्ध्या डॉलरची, २५ ते १०० च्या आत एका डॉलरची.

समजा एका तबकडीवर दोघं आहेत. एकाचा कमाल आकडा १८, दुसऱ्याचा ४०. पडद्यावर किंमत दिसेल १८.५०. वरचा माणूस ४० पर्यंत जायला तयार आहे, हे तुम्हाला दिसणार नाही. तुम्ही ५५ भरले की किंमत ४१ होते आणि तुम्ही वर येता.

आता हीच ५५ ची बोली तुम्ही बुधवारीच लावली असती तर? ४० वाल्याला 'तुमच्यावर बोली लागली' असा निरोप जातो. तो रात्री जेवून बसतो आणि ४२ करतो, ४५ करतो, ५० करतो. त्यानं आधी ४० ठरवले होते, पण कुणीतरी आपल्या हातची वस्तू ओढतंय म्हटल्यावर माणूस ईर्ष्येला पेटतो. तो हरला तरी तुम्हाला ती तबकडी ५१ ला पडणार, किंवा ५६ भरून तोच घेऊन जाणार. सहा सेकंद उरले असताना बोली आली, तर त्याला निरोप वाचायलाही वेळ नसतो.

विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये दाखवलं की जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे द्यायचे असतील, तर प्रत्येकानं आपला खरा आकडा सांगणं फायद्याचं. ईबेची पद्धत त्याच्या अगदी जवळची. सगळेच तसे वागले तर बोली बुधवारी लावा की शेवटच्या सेकंदाला, फरक पडू नये. पण सगळे तसे वागत नाहीत, आणि स्नायपिंग चालतं ते त्यामुळेच.

तबकडीसारख्या वस्तूत आणखी एक भर पडते. जाणकारानं बोली लावली की ती बोली हीच बातमी होते. अमुक माणूस यावर पैसे लावतोय म्हणजे काहीतरी दुर्मीळ आहे, असं बाकीचे ताडतात. आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ईबेचे लिलाव अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी ताडून पाहिले. अ‍ॅमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ वाढायची. उशिराच्या बोल्या ईबेवर पुष्कळ जास्त सापडल्या, आणि ईबेवरही कॉम्प्युटरपेक्षा जुन्या वस्तूंत जास्त. रॉथ यांना पुढे २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मात्र वेगळ्या कामासाठी.

चौथं काम: हातानं की प्रोग्रामनं?

अमेरिकेतले विक्रेते लिलाव बऱ्याचदा रविवारी संध्याकाळी संपवतात, कारण तेव्हा गिऱ्हाईक घरी असतं. कॅलिफोर्नियातले रविवारचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटेचे साडेसहा, आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेसात. जागं राहणार असाल तर हातानं लावा. दोन-तीन मिनिटं आधी आकडा भरून पुष्टीच्या बटणापर्यंत येऊन थांबायचं आणि आठ-दहा सेकंद उरले की दाबायचं. दोन सेकंदांपर्यंत ताणण्यात शौर्य नाही. पावसाळ्यात खानापूरकडे एकदा लाईट गेली की वायफाय गेलंच. मोबाइलचा डेटा चालू ठेवून बसा.

प्रोग्राम वापरायचा तर तो दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणारा असावा. जिक्सन, ईस्नाइप या सेवा अशाच आहेत. वस्तूचा क्रमांक आणि आकडा देऊन तुम्ही झोपलात तरी चालतं. घरच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रोग्रामला वीज आणि नेट दोन्ही तुमचंच लागतं, मग फायदा काय राहिला?

मात्र इथं एक गोम आहे. तुमच्या नावानं बोली लावायची म्हणजे या सेवेला तुमच्या खात्यात शिरायची मुभा द्यावी लागते, कधी थेट पासवर्डच. तो पासवर्ड ईमेलला किंवा बँकेला वापरत असाल तर आधी बदला. नाव न ऐकलेली फुकट सेवा कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा.

आकडा भरताना गोल भरू नका. दोघांचा कमाल आकडा सारखा आला तर ज्यानं आधी भरला तो जिंकतो, आणि शेवटच्या सेकंदाला येणारा नेहमीच नंतरचा असतो. ५५ ऐवजी ५५.३७ भरा.

आता तो वाद

"दिवसभर आम्ही सरळ बोली लावायची आणि हे चोरासारखे शेवटाला येणार, लबाडच की ओ ही माणसं," असं शहापुरातले एक जुने संग्राहक तावातावानं सांगतात. राग समजतो. पण ईबेच्या नियमांत शेवटच्या क्षणाच्या बोलीला बंदी नाही, आणि जो गडी आपला खरा आकडा आधीच भरून बसलाय त्याचं स्नायपर काही बिघडवू शकत नाही. त्याच्याहून जास्त पैसे द्यायला कुणी तयार असेल तरच तो हरतो. मार खातो तो थोडं थोडं वाढवत बसणारा.

विक्रेत्यांचा आक्षेप जास्त वजनाचा आहे. चढाओढ झालीच नाही तर भाव वर जात नाही, हे खरंच. त्यावर उपाय त्यांच्याच हातात आहे: सुरुवातीची किंमत पडेल भावाची ठेवू नये, किंवा वेळ वाढवणारा बाजार निवडावा.

आणि विक्रेत्यांच्या बाजूनं बोलणारे एक गोष्ट गाळतात. बोली फुगवायला आपलाच माणूस गर्दीत उभा करायची खोड जनावरांच्या बाजाराइतकी जुनी आहे. ऑनलाइन लिलावात असा माणूस दुसऱ्या खात्यावरून एकेक डॉलर वाढवत तुमचा गुपित आकडा चाचपतो. ईबेवर याला मनाई आहे, तरी पकडणं सोपं नाही. बोली शेवटच्या सेकंदाला आली की चाचपायला त्याच्याकडे वेळच उरत नाही. एवढ्या एका कारणासाठी मी स्नायपिंगच्या बाजूचा आहे.

माणूस विरुद्ध यंत्र ही तक्रार मला फारशी पटत नाही. तुमचा कमाल आकडा सांभाळून बोली वाढवणारं ईबेचं यंत्र तरी कोण माणूस आहे?

घर किंवा प्लॉट घेणार असाल तर

वर सांगितलेलं इथं विसरा. बँकेच्या लिलावात घाई वेगळ्याच ठिकाणी हवी. बयाणा, बहुधा राखीव (बँकेनं ठरवलेल्या किमान) किमतीच्या दहा टक्के, लिलावाआधीच भरावा लागतो. बोली लागली की बयाण्यासकट २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, आणि उरलेली साधारण पंधरा दिवसांत. मुदत चुकली तर भरलेले पैसे जप्त होतात. गृहकर्ज मिळेल या भरवशावर बोलीत उतरणाऱ्यानं बँकेशी आधी लेखी बोलून घ्यावं.

विक्री 'जशी आहे, जिथे आहे' अशी असते. आत भाडेकरू बसलाय का हे जाऊन बघा, उताऱ्यावरचा बोजा वाचा, सब-रजिस्ट्रारकडून ईसी, म्हणजे मालमत्तेवर बोजा आहे की नाही याचा दाखला, काढा. उतारा कन्नडमध्ये असतो; अंदाजानं वाचू नका, कन्नड नीट येणाऱ्याला शेजारी बसवून ओळ न् ओळ समजून घ्या. नोटिशीतलं वेळवाढीचं कलमही त्याच बैठकीत वाचून टाका.

लिलावाच्या दिवशी मग कागदावरचा आकडा समोर ठेवायचा आणि वेळ कितीही वाढली तरी तो ओलांडायचा नाही. बोली लागली नाही तर बयाणा परत मिळतो. कोणत्या खात्यात आणि किती दिवसांत, ते भरतानाच विचारून घ्या.