पडवीचं ग्रीनहाऊस: ऐरोलीच्या हवेत काय टिकतं, काय नाही

नवी मुंबईत ऐरोलीतल्या आमच्या रो-हाऊसला मागच्या बाजूला दहा बाय आठ फुटांची पडवी आहे. एक बाजू स्वयंपाकघराची भिंत, उत्तरेला शेजाऱ्यांची भिंत, पश्चिम आणि दक्षिण उघडी, वर पत्रा. अशा जागेत सगळीकडे जे असतं तेच आमच्याकडे होतं: वॉशिंग मशीन, सिलिंडर, फुटक्या कुंड्या आणि ‘लागतील कधीतरी’ म्हणून ठेवलेल्या चार फरश्या. आता तिथे अँथुरियम, डेंड्रोबियम ऑर्किड आणि पानवेल आहे, शिवाय भर जुलैत कोथिंबीर निघते. तुमच्याकडे अशी छप्पर असलेली जागा असेल तर निम्मं काम आधीच झालेलं आहे. उरलेलं निम्मं कसं करायचं ते सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. परदेशी व्हिडिओंमधलं ग्रीनहाऊस ऊब कोंडून ठेवण्यासाठी असतं. ठाणे-नवी मुंबईत ऊब कोंडायची गरज वर्षातला एकही दिवस पडत नाही. आपल्याला तीन कामं हवीत: पाऊस अडवणं, ऊन गाळणं आणि तापलेली हवा बाहेर काढणं. यातलं तिसरं काम लोक विसरतात. चारी बाजूंनी प्लास्टिक लावून जागा बंद करतात आणि एप्रिलमध्ये रोपं शिजतात.

खरेदीआधी मोजा

माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत झाली. आकडा हातात आल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, आणि या कामात ती सवय उपयोगी पडली. दोनच वस्तू लागतात: किमान-कमाल दाखवणारा डिजिटल तापमापक, ज्यात आर्द्रताही दिसते, आणि फोनवरचं उजेड मोजणारं ॲप. ॲपचा आकडा काटेकोर नसतो, पण तुलनेला पुरतो. मोकळ्या आकाशाखाली भर दुपारी एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड असतो. पत्र्याखाली आतल्या कोपऱ्यात तो दोन-तीन हजारांवर येतो. आपल्या डोळ्यांना ती जागा चांगली उजेडाची वाटते, झाडाला ती अंधारीच असते. नेच्यांना पाच-दहा हजार चालतात, अँथुरियमला पंधरा-वीस हजार लागतात, डेंड्रोबियमला पंचवीस-तीस हजार, आणि टोमॅटो-मिरचीला त्याहून जास्त, तेही दिवसातले बरेच तास. काय लावायचं ते या आकड्यांवरून ठरवा. नर्सरीत जाऊन जे आवडलं ते उचलून आणू नका.

सूर्याची वाटही बघून ठेवा. आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपास असतो, म्हणून दक्षिणेची उघडी बाजू थंडीत सोन्यासारखी. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस तो थेट डोक्यावर येतो, आणि जूनमध्ये दुपारी किंचित उत्तरेकडे जातो. म्हणजे उन्हाळ्याचा मारा छतावरून आणि दुपारनंतर पश्चिमेकडून. दक्षिणेला मी उन्हाला आडवं काही लावलेलं नाही. पश्चिमेला मात्र मयाळूचा वेल सोडलाय. तो खाताही येतो.

काय बाहेर काढायचं

सिलिंडर पहिला. अर्धवट बंद जागेत गॅस गळला तर साचतो. गॅस गीझरचा धूर त्या जागेत येत असेल तर तो गीझर हलवल्याशिवाय बाजू बंद करायच्याच नाहीत, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एसीचं बाहेरचं युनिट असेल तर तेही हलवा, ते सबंध उन्हाळाभर आत गरम हवा फेकेल. आणि घराचं मागचं दार हा बाहेर पडायचा दुसरा रस्ता असेल तर रॅक लावून तो अडवू नका. वॉशिंग मशीन राहिलं तरी चालतं. कपड्यांच्या दोरीवर घरात चर्चा होईल, ती तुमची तुम्ही करा.

छप्पर

खरा खर्च आणि खरं डोकं इथेच. आमचा पत्रा लोखंडी होता, त्यामुळे स्क्रू काढून तो उतरवणं सोपं गेलं. तुमच्याकडे जुना सिमेंटचा, करड्या रंगाचा नालीदार पत्रा असेल तर सावध राहा. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. तो कापायचा, फोडायचा, ड्रिल मारायचा नाही. पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून, पूर्ण पत्रा अख्खा खाली उतरवायचा. उतरवणाऱ्याच्या तोंडावर हातरुमाल नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा. ढासळायला लागलेला नसेल तर तो तसाच ठेवून फक्त सावलीतली झाडं लावणं हाही शहाणपणाचा पर्याय आहे.

नव्या छपरासाठी मी ६ मिलिमीटरची दुपदरी पॉलिकार्बोनेट शीट घेतली, म्हणजे दोन पदरांमध्ये पोकळ नळ्या असलेलं कडक पारदर्शक प्लास्टिक. काच नको, ती जड असते आणि वरच्या मजल्यावरून एखादी वस्तू पडली की संपलं. पैसे कमी असतील तर शेतातल्या पॉलिहाऊसवर वापरतात ती २०० मायक्रॉनची यूव्ही-स्टॅबिलाइज्ड (उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारी) फिल्म चालते, फक्त काही वर्षांनी ती बदलायची तयारी ठेवा. सगळं छत मात्र पारदर्शक करू नका. भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी मी जुन्याच पत्र्याची ठेवली. तिथे माती कालवायला, कुंड्या बदलायला सावली मिळते, नेचे बसतात आणि स्वयंपाकघराची भिंतही तापत नाही.

शीट बसवताना फॅब्रिकेटरच्या शेजारी उभं राहा. माणूस हुशार असतो, पण त्याचा हात पत्र्यावर बसलेला असतो, आणि ही शीट पत्रा नव्हे. शीटच्या एकाच बाजूला यूव्हीचा थर असतो. ती बाजू आकाशाकडे हवी, वरच्या संरक्षक फिल्मवर तसं छापलेलं असतं. आमचा फॅब्रिकेटर म्हणाला, “काकू, फिल्म राहू द्या, शीट नवी दिसते.” राहू द्यायची नाही. उन्हात ती चिकटते आणि मग निघता निघत नाही. आतल्या नळ्या उताराच्या दिशेने खाली आल्या पाहिजेत, म्हणजे आत धरलेलं पाणी गळून जातं. वरचं टोक ॲल्युमिनियम टेपने बंद करायचं. खालच्या टोकाला हवा जाणारी पण धूळ-मुंग्या अडवणारी टेप मिळते ती लावायची. नाहीतर नळ्यांमध्ये शेवाळं धरतं आणि शीट हिरवी होते.

उन्हात शीट वाढते. दोन मीटर लांबीची शीट चाळीस अंशांच्या फरकाला पाच मिलिमीटरने लांब होते. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं, रबरी वॉशर लावायचा आणि स्क्रू आवळून शीट दाबायची नाही. उतार मीटरला किमान नऊ-दहा सेंटिमीटर ठेवा. खालच्या आडव्या पाइपांत दोन फुटांपेक्षा जास्त अंतर नको, कडांना स्क्रू दाट. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा आमच्या सेक्टरमध्ये किती छपरं कुठे जाऊन पडली ते ज्यांनी पाहिलं ते स्क्रूवर कंजुषी करणार नाहीत. खाडी जवळ असल्यामुळे साधं लोखंड लवकर गंजतं. पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे, आणि स्क्रू स्टेनलेस घ्या. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथे झिंकचा रंग लगेच मारून घ्या.

शीट घराच्या भिंतीला भिडते त्या सांध्यावर नुसतं सिलिकॉन फासून भागत नाही. प्लास्टरमध्ये खाच मारून पत्र्याची फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी वाकवलेली पट्टी, बसवायची. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो एवढीशी फट शोधून स्वयंपाकघरात येतो.

हवा

उघड्या खिडक्या-झडपांचं एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या १५ ते २० टक्के असावं असा ढोबळ नियम आहे. मी त्याहून बरंच जास्त ठेवलं, कारण ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) कीटकजाळी लावली की हवा खूप अडते. पश्चिमेला खाली अडीच फूट पॉलिकार्बोनेट, वर पूर्ण जाळी. दक्षिणेला जमिनीपासून वरपर्यंत जाळीच. पावसाळ्यात झड नैऋत्येकडून येते, त्यासाठी दोन्ही बाजूंना गुंडाळून वर करता येतील असे जाड पारदर्शक प्लास्टिकचे पडदे आहेत. सतत सोडून ठेवायचे नाहीत, पाऊस थांबला की वर.

गरम हवा छताच्या सर्वांत उंच भागात साचते. आमच्या दक्षिण बाजूला छताखाली जो त्रिकोण उरतो, त्याच्या उंच टोकाला एक्झॉस्ट पंखा बसवलाय. पंखा किती मोठा? आतली हवा मिनिटाला एकदा बदलली पाहिजे. दहा बाय आठ बाय सरासरी आठ फूट म्हणजे ६४० घनफूट, म्हणजे साधारण १८ घनमीटर. त्याला साठने गुणा: तासाला अकराशे घनमीटरच्या आसपास. पंख्याच्या खोक्यावर ‘एअर डिलिव्हरी’ लिहिलेली असते, ती याच्याशी ताडून बघा, इंचांवर जाऊ नका. विजेची लाइन ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवरूनच (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. ओल्या जागेत यात तडजोड नाही.

शेडनेट, म्हणजे ऊन गाळणारी जाळी, छताच्या आतून लावलेली मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. आत लावली तर ती स्वतः तापते आणि ती उष्णता आतच सोडते. ती छताच्या वर, सहा-नऊ इंच अंतर सोडून ताणायची. मी ५० टक्क्यांची (निम्मं ऊन अडवणारी) नेट कड्यांवर बांधली आहे, म्हणजे काढता येते. जूनचे ढग आले की काढायची, घटस्थापनेच्या सुमाराला ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की परत चढवायची, डिसेंबर-जानेवारीत पुन्हा काढायची. वर्षभर तशीच ठेवलीत तर पावसाळ्यात झाडं उजेडासाठी लांबुळकी होतात.

मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेचा कोरडा वारा असला की दुपारी जमिनीवर पाणी मारल्याने आतलं तापमान खरंच दोन-तीन अंशांनी उतरतं. आर्द्रता ऐंशीच्या वर असेल तेव्हा तेच पाणी, किंवा हौसेने घेतलेला फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र), फक्त बुरशी वाढवतो.

जमीन, रॅक, पाणी

फारसं सांगण्यासारखं नाही. शहाबादी फरशी, नाल्याकडे उतार. लोखंडी अँगलचे रॅक, फळीऐवजी जाळी, भिंतीपासून सहा इंच दूर. गच्चीत किंवा बाल्कनीत करत असाल तर वजनाचा विचार आधी करा: बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट वीस किलोच्या आसपास जाते. तिथे मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) घ्या, रॅक कठड्याकडे नको, बीम-भिंतीच्या बाजूला ठेवा.

छपराच्या पन्हाळीचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये घ्या. एवढ्या छपरावर २७ मिलिमीटर पाऊस पडला की दोनशे लिटरचा ड्रम भरतो, जुलैत हे एका सकाळचं काम. ऑर्किड आणि नेच्यांना हेच पाणी सर्वांत मानवतं. ड्रमच्या तोंडाला बारीक जाळी हवी आणि कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात तयार होतो.

काय लावायचं

पावसाळ्यात छपराचा खरा फायदा कळतो. कोथिंबीर, मेथी, मिरचीची रोपं, ॲडेनियम, म्हणजे पावसाच्या माऱ्याने कुजणारं सगळं आत. बिया पेरलेल्या ट्रेवर हवा खेळती नसेल तर रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात, म्हणून लहान टेबलफॅन मंद लावून ठेवते. मोगरा-जास्वंदीच्या काड्या याच दिवसांत रुजतात. टोमॅटो आणि ढोबळी मिरची नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यानंतर हट्ट करू नका, पस्तिशीच्या वर फुलं गळतात. जाळीमुळे मधमाश्या आत येत नाहीत, तेव्हा टोमॅटोचे घोस सकाळी बोटाने टिचकी मारून हलवायचे आणि काकडीला नरफुलाचे पराग हाताने लावायचे. पानवेल मात्र बाराही महिने खूश.

पिठ्या ढेकूण, पांढरी माशी आणि उन्हाळ्यात लाल कोळी येणारच, जाळी असली तरी नव्या रोपाबरोबर आत येतात. म्हणून नवं रोप आधी पंधरा दिवस पुढच्या दारी. लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोडा द्रव साबण, फवारणी संध्याकाळीच.

परवानगीचं शेवटी सांगतेय, पण करायची सगळ्यांत आधी. सोसायटी असेल तर लेखी एनओसी, आणि छपराची उंची किंवा आकार बदलणार असाल तर नवी मुंबईत आपलं विभाग कार्यालय, ठाण्यात प्रभाग समिती, इथे जाऊन विचारा. सोसायटीची गच्ची सामाईक असते, तिथे एका घराच्या हौसेपोटी काही उभं करता येत नाही.

देखभाल वर्षातून दोनदा. एप्रिलअखेर स्क्रू, वॉशर, फ्लॅशिंग आणि पन्हाळ. दिवाळीच्या साफसफाईत शीट मऊ कापडाने, साध्या साबणाच्या पाण्याने. थिनर किंवा घासणी लावायची नाही, शीट धुरकट होते. एमआयडीसीची धूळ इतकी बसते की धुतल्यावर ॲपवरचा आकडा लगेच वर गेलेला दिसतो. शीटचं बिल आणि वॉरंटी कार्ड घराच्या कागदांबरोबर ठेवा.