आगमनाचा व्हिडिओ त्याच रात्री अपलोड करायचा तर

परळच्या कार्यशाळांतून मोठे गणपती निघायला लागले की मंडळातल्या पोरांचे मला फोन सुरू. "दादा, दहाच मिनिटांचा व्हिडिओ आहे, पण अपलोड पुढे सरकतच नाही!" भारतमाता सिनेमाजवळच्या गर्दीत उभं राहून कसा सरकेल? तिथे सगळी लालबाग एकाच वेळी लाइव्ह असते. घरी या, वायफाय पकडा, फाइल छोटी करा आणि मग चढवा.

आधी हिशेब. आयफोनच्या कॅमेऱ्याचं 'हाय एफिशियन्सी' सेटिंग चालू ठेवून फोरके, सेकंदाला ३० फ्रेमने शूट केलं तर मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात, म्हणजे दहा मिनिटांचे १.७ जीबी. नेटचा अपलोड वेग १० एमबीपीएस असेल, तर सगळं सुरळीत चालूनही तेवीसेक मिनिटं जाणार. (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, एमबी काढायला आठाने भागायचं. आणि वेग बघताना डाउनलोडचा नाही, अपलोडचा बघा.) तोच व्हिडिओ १०८०पी (फुल एचडी) करून त्याचा बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला लागणारा डेटा, ८ एमबीपीएसवर आणला की ६०० एमबी होतो आणि आठ मिनिटांत जातो. १०८०पी, ३० फ्रेमला यूट्यूब स्वतःच ८ एमबीपीएस सुचवतं. झिप करून काही मिळत नाही, व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस झालेला असतो.

लॅपटॉपवर हँडब्रेक हे व्हिडिओ छोटे करणारं सॉफ्टवेअर टाका. फुकट आहे. फाइल आत ओढा, 'फास्ट १०८०पी३०' हा प्रीसेट (तयार सेटिंग) घ्या, फॉरमॅट एमपी४, आणि 'वेब ऑप्टिमाइझ्ड'वर टिक. एवढ्यावर बहुतेक व्हिडिओंचं काम होतं.

गुलालाचं मात्र होत नाही. कोडेक, म्हणजे व्हिडिओ चेपण्याची पद्धत, प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच मुख्यतः टिपतो. मूर्तीच्या मुखावर कॅमेरा स्थिर असेल तर बदल नगण्य. पण ताशाची तर्री सुरू झाली, झेंडे फिरले, गुलाल उडाला, त्यात पाऊस आला, की फ्रेममधला कण न् कण नवा. अशा वेळी ठरावीक बिटरेट दिला तर नेमका जल्लोषाचा क्षणच चौकड्या-चौकड्यांचा दिसतो. म्हणून बिटरेटच्या मागे लागू नका, 'कॉन्स्टंट क्वालिटी' निवडा. तिथला दर्जाचा आकडा म्हणजे आरएफ, १०८०पीला तो २० ते २४ मध्ये ठेवतात. आकडा लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. साध्या पूजेला मी २३ ठेवतो, मिरवणुकीला २०. मिरवणुकीची फाइल फुगते, फुगू दे.

रात्रीच्या शूटमध्ये काळोखात जे दाणे नाचतात, तेही कोडेकला बदलच वाटतात. फिल्टर्समध्ये डीनॉइज (दाणे पुसणारं फिल्टर) हलकं लावलं की फाइल बरीच उतरते. जास्त लावाल तर ढोल वाजवणाऱ्या मुली मेणाच्या दिसतील.

एच.२६५ हा नवा कोडेक घ्यायचा का? फाइल लहान होते, पण जुन्या लॅपटॉपला घाम फुटतो. अपलोडचे पाच मिनिट वाचवायला एन्कोडिंगला (व्हिडिओ चेपायला) अर्धा तास जास्त घालवण्यात काय अर्थ? घाईत जुना एच.२६४च. आवाजाला मात्र कात्री लावू नका. एएसी या आवाजाच्या फॉरमॅटला १६० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) ठेवलं तरी दहा मिनिटांचे जेमतेम १२ एमबी होतात.

पूर्ण फाइल लावण्याआधी गुलालाचं एक मिनिट काढून बघा, आरएफ तिथेच ठरेल. आणि मूळ फाइल मोबाइलमधून केबलने घ्या. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली आधीच चेपलेली असते, ती पुन्हा चेपायची, मग यूट्यूब आपल्या परीने तिसऱ्यांदा चेपणार. केबल नसेल तर व्हॉट्सअॅपवरच, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते.