प्रायमरीत कुणाच्या मागे उभं राहायचं? विश्रामबागेतून डॅलसला दिलेला सल्ला

माझी थोरली डॅलसला असते. 2020 च्या फेब्रुवारीत तिने प्रायमरीत, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत दिलं आणि ते आठवड्याभरात वाया गेलं. आता जावईही तिकडचे नागरिक झालेत (नुसत्या ग्रीन कार्डावर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर, मत नाही), आणि 2028 ला कुणाच्या मागे जायचं यावरून दोघांची आत्तापासून खडाजंगी चाललीय. मी सांगलीच्या विश्रामबागेतली निवृत्त मास्तरीण. हिला तिकडचं काय कळणार, असं जावयांना वाटतं, तोंडाने म्हणत नाहीत एवढंच. पण ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत केंद्रावर ड्युटी करून माझे केस पिकलेत.

पहिल्यांदा उमेदवार बघू नका, तारीख बघा. आपल्याकडे माघारीची मुदत संपली की चित्र पक्कं होतं, मतदान त्यानंतर. तिकडे मतदान राज्याराज्यांतून महिनोन्महिने सरकत जातं आणि उमेदवार मधेच कधीही घरी जातो. मतपत्रिकेवर नाव मात्र बहुतेकदा तसंच राहतं.

लेकीचं तेच झालं. टेक्सासची प्रायमरी 3 मार्चला, सुपर ट्यूजडेला (त्या मंगळवारी बरीच राज्यं एकदम मत देतात) होती. रांग नको म्हणून हिने फेब्रुवारीतच अर्ली व्होटिंग उरकलं. 29 फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनात डेमोक्रॅट पक्षाचे बायडन मोठ्या फरकाने जिंकले, 1 मार्चला त्याच पक्षाचे बुटिजिज शर्यतीतून बाहेर पडले, 2 मार्चला क्लोबुशार. या दोघांतलं एक नाव हिचं. सकाळी फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. ‘‘आई, दिलेलं मत परत घेता येतं का गं?’’ दूध ऊतू गेलं, शेगडी पुसता पुसता मी तिला नाही म्हणून सांगितलं.

म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबता येत असेल तर थांबा. ड्युटी, लेकरं, प्रवास यामुळे आधी द्यावंच लागणार असेल, तर निदान मोठ्या राज्याचा निकाल तोंडावर असताना देऊ नका. राज्यांचा क्रमही दरवेळी तोच असेल असं नाही: 2020 ला आयोवा पहिलं होतं, 2024 ला डेमोक्रॅट पक्षाने साउथ कॅरोलिनाला पुढे आणलं. पक्षाच्या नोंदणीचं आधीच विचारून घ्या. टेक्सासात तशी नोंदच नसते, त्या दिवशी कुठल्या पक्षाची मतपत्रिका घ्यायची ते तुम्ही ठरवता. न्यू जर्सीत एका पक्षात नाव असेल तर दुसऱ्याच्या प्रायमरीत मत नाही.

आता डिपॉझिट. आपल्याकडे एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर डिपॉझिट जप्त. डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत 15 टक्क्यांचा उंबरा आहे, त्याखालच्याला डेलिगेट मिळत नाहीत. हे डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, पुढे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवतात. तुमचा माणूस 6 टक्क्यांवर लोंबकळत असेल तर त्याला मत द्यायला माझी हरकत नाही, पण ते प्रेमाचं मत आहे एवढं समजून द्या. रिपब्लिकनांकडे काही राज्यांत पहिला येणारा सगळे डेलिगेट नेतो, तिथे हिशेब आणखी कडक.

हे झालं की मग माणूस. जुनी लग्नपत्रिका घ्या, मागची बाजू कोरी आणि कागद जाड असतो. तीन प्रश्न लिहा, चौथा नको. लेकीने लिहिले होते: दिराच्या ग्रीन कार्डची रांग, आरोग्य विमा, शाळेतल्या बंदुका. प्रत्येकापुढे दोन रकाने: ‘बोलला’ आणि ‘केलं’. पहिला रकाना भाषणांवरून भरतो. दुसऱ्यासाठी काँग्रेसच्या (म्हणजे तिकडच्या संसदेच्या) संकेतस्थळावर बसावं लागतं, कुणी कुठल्या विधेयकाला पाठिंबा दिला, कुठे मत दिलं, सगळं मिळतं.

नोकरीवरच्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाला 7 टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत, ही मर्यादा काढणारं विधेयक जुलै 2019 मध्ये प्रतिनिधीगृहात 365 विरुद्ध 65 ने मंजूर झालं. सेनेटमधल्या तशाच विधेयकाला कमला हॅरिस यांचा पाठिंबा होता, म्हणजे त्यांचा ‘केलं’चा रकाना भरलेला. आमच्या गल्लीत मात्र त्यांचं कौतुक आई तमिळनाडूची म्हणून. गावकी-भावकीवर मत देऊ नये हे सोसायटीच्या निवडणुकीत आपण कधी पाळलं नाही, निदान तिकडे तरी पाळावं. आणि गंमत बघा, 3 डिसेंबर 2019 ला, म्हणजे एकही मत पडायच्या आत, हॅरिस शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या. म्हणून पत्रिकेवर दुसरं नावही आधीच लिहून ठेवायचं. पहिला गेला तर कुणाकडे वळायचं, हे रात्री रडत ठरवायला नको.

पैशाचंही बघा. 200 डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव आणि नोकरी तिकडच्या निवडणूक आयोगाच्या यादीत येते, ती कुणालाही वाचता येते. मी एकदा विचारलं, माझ्याकडून शंभर डॉलर पाठवू का? लेक दचकली. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाने एक डॉलर दिला तरी ते तिकडे बेकायदेशीर.

गेल्या रविवारी जावयांनी त्यांच्या पत्रिकेचा फोटो पाठवला. लाडक्या उमेदवारापुढे ‘बोलला’चा रकाना काठोकाठ भरलेला, ‘केलं’मध्ये पेन्सिलीने बारीक ‘बघतो’. मी लाल पेनाने गोल करून परत पाठवलंय.